दस्तुरी नाक्याच्या पुढचा चढ

विजेच्या गाड्यांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा बहुधा सरकार पुढे असते आणि माणसे मागून येतात. सरकार कर माफ करते, जाहिराती देते आणि लोक हळूहळू पेट्रोल सोडून विजेकडे वळतात. रायगड जिल्ह्यातल्या माथेरानमध्ये हा क्रम पुरता उलटा झाला. तिथे विजेची गाडी मागत होते ते हातरिक्षा ओढणारे मजूर. त्यांची वाट अडवून उभा होता तो कायदा, आणि तोही पर्यावरणाच्या रक्षणासाठीच केलेला. एका बाजूला खरोखर जपण्याजोगे जंगल आणि दुसऱ्या बाजूला खरोखर थकलेली माणसे, अशी ही गोष्ट आहे. म्हणूनच ती सोपी नाही आणि म्हणूनच ती नीट सांगायला हवी.

आधी उलट्या टोकाचे उदाहरण पाहू. नॉर्वे हा पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीचा, पुणे महानगराहूनही लहान देश. 1989 मध्ये ‘आ-हा’ या गाजलेल्या गायकवृंदातले दोघे आणि ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी करून घेतलेली एक फियाट पांडा गाडी ऑस्लोत फिरवायला सुरुवात केली. टोलनाक्यावर ते पैसे भरायला नकार देत. दंड साचत गेला, गाडी जप्त झाली, तिचा लिलाव झाला आणि त्यांनीच ती पुन्हा विकत घेतली. या खटपटीला यश आले. 1990 मध्ये विजेच्या गाड्यांवरचा खरेदीकर उठला, 1997 मध्ये टोल माफ झाला, 2001 मध्ये मूल्यवर्धित कर गेला आणि 2005 मध्ये त्यांना बसगाड्यांच्या मार्गिकेतून जाण्याची मुभा मिळाली. 2024 मध्ये त्या देशात विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. पस्तीस वर्षे सरकार बदलत राहिले, पण धोरण टिकले, हे त्या यशाचे मर्म आहे. मात्र हेही ध्यानात ठेवायला हवे की तिथे सवलत मिळाली ती आधीच मोटार परवडणाऱ्या माणसाला.

माथेरानचा प्रश्न मोटार परवडण्याचा नव्हताच, कारण तिथे मोटार पोहोचतच नाही.

1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून गेले. साहेबाने डोंगर ‘शोधला’ असे सगळीकडे छापले जाते. ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या पायाखाली त्या वाटा कैक पिढ्यांपासून होत्या, ही गोष्ट त्या वाक्यात हरवते. पुढच्या काही वर्षांत गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे लक्ष घातले. त्याच दशकात मुंबईहून आलेली रेल्वे पायथ्याच्या नेरळला पोहोचली आणि मुंबईच्या धनिकांना उन्हाळ्यात पळायला सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचे सावलीचे गाव मिळाले. नेरळहून वर जायचे तर तट्टू किंवा पालखी. पालखी म्हणजे माणसांचे खांदे. माथेरानचा सुखवस्तू उन्हाळा पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वर गेला आहे.

हा चढ यंत्राने पार करण्याचा पहिला मोठा प्रयत्न पीरभॉय कुटुंबाने केला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी दोन फुटी रुळांची नेरळ–माथेरान रेल्वे बांधली. तिला सुमारे 16 लाख रुपये खर्च आला आणि 1907 मध्ये ती धावू लागली. नागमोडी वळणे घेत, डोंगराच्या कडेकडेने, जवळजवळ 20 किलोमीटर जाणारी ही मिनी ट्रेन आजही माथेरानचे पहिले आकर्षण आहे. पण पावसाळा तिला झेपत नाही. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडले. 2019 च्या पावसात तो पुन्हा खचला आणि नेरळपासूनची सेवा 22 ऑक्टोबर 2022 पर्यंत बंद राहिली. मधल्या काळात अमन लॉज स्थानक ते माथेरान एवढ्या छोट्या टप्प्यावर शटल चालू करण्यात आली. तिचा आधार मोठा, पण फेऱ्या आणि जागा दोन्ही मोजक्या.

नेरळहून घाटरस्त्याने येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. ई-रिक्षा येण्याआधी हा टप्पा पायी, घोड्यावर, शटलने किंवा हातरिक्षात पार करावा लागे. हातरिक्षा म्हणजे काय ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे एक जण दांडा धरून ओढतो, मागून एक-दोघे ढकलतात आणि मध्ये प्रवासी बसतो. रस्ता तांबड्या मातीचा, जागोजाग चढाचा, उघड्या पडलेल्या दगडांचा. उतारावर तर ओढण्यापेक्षा अवघड काम असते, कारण प्रवाशासकट सगळे ओझे पाठीवर येऊ पाहते आणि ते टाचा रोवून थोपवावे लागते. पावसाळ्यात याच मातीचा चिखल होतो. गुडघे आणि फुप्फुसे यांना या कामाची किंमत मोजावी लागते. माथेरानमध्ये अशा परवानाधारक हातरिक्षा 94 होत्या, आणि प्रत्येकीमागे एकाहून जास्त कष्टकरी. त्यांच्या जोडीला सुमारे 460 घोडे आणि त्यांचे मालक. 2011 च्या जनगणनेत ज्या गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आत होती, तिथे हे आकडे लहान नाहीत. गावाचे बरेचसे अर्थकारण दस्तुरी ते बाजारपेठ एवढ्याच वाटेवर चालते.

ही वाट मोटारींना बंद राहिली याचे श्रेय पर्यावरणवाद्यांच्या चिकाटीला जाते, आणि ते मनापासून द्यायला हवे. मुंबईच्या आसपासचे इतर डोंगर बंगल्यांनी आणि गाड्यांच्या रांगांनी कसे भरले ते आपण पाहतो आहोत. माथेरानचे तसे होऊ नये म्हणून ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ न्यायालयात झगडला. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि भोवतालचा दोनशे चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. गावाच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब सोडून इतर वाहन नको, असे ठरले. आज तिथल्या रस्त्यावर हॉर्न ऐकू येत नाही आणि झाडांवर धूर बसत नाही, तो याच अधिसूचनेचा परिणाम आहे.

पण वाहन म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नव्हता. 2003 मध्ये वाहन म्हटले की डोळ्यापुढे येई ते धूर सोडणारे इंजिन. बॅटरीवर चालणारी, आवाज न करणारी तीनचाकी तेव्हा रस्त्यावर दिसतच नव्हती. अधिसूचनेने धुराला बंदी घातली तशी ती चाकालाही घातली. माणसाने ओढायचे चाक मात्र बंदीच्या बाहेर राहिले. निसर्ग जपायचा तर माणसाने घोड्याचे काम करत राहावे, असे त्या कागदाने कुठे म्हटले नव्हते. तरी वीस वर्षे त्याचा अर्थ तोच होत राहिला.

हातरिक्षाचालकांच्या श्रमिक रिक्षा संघटनेने ही विसंगती बरोबर हेरली. त्यांची मागणी साधी होती. आमच्या हातरिक्षेच्या जागी आम्हालाच ई-रिक्षा चालवू द्या. पेट्रोल नको, बाहेरच्या गाड्या नकोत, घाटरस्ता पुढे वाढवायला नको. ही मागणी पर्यावरणाच्या विरोधात नव्हती. अधिसूचनेचा हेतू तसाच ठेवून तिच्या अक्षरात बदल मागणारी होती. नगरपालिका, जिल्हाधिकारी, मंत्रालय असे उंबरे झिजवत शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद यांच्या 1995 पासून चालू असलेल्या प्रसिद्ध वनखटल्यात ऐकले गेले. देशभरच्या जंगलतोडीचा विचार करणाऱ्या त्या प्रचंड खटल्यात या मूठभर रिक्षावाल्यांनी आपले म्हणणे मांडले, हे मला विलक्षण वाटते.

मे 2022 मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालवून पाहायला परवानगी दिली. 5 डिसेंबर 2022 रोजी सात ई-रिक्षा दस्तुरी नाक्यावरून निघाल्या आणि तीन महिने धावल्या. प्रवाशाला 35 रुपये, शाळकरी मुलांना 5 रुपये. तीन महिन्यांत जे दिसायचे ते दिसले. विजेच्या मोटारीची खुबी अशी की जागेवरून उठतानाच ती पूर्ण जोर देते, त्यामुळे चढ सुरू होताना ती धापा टाकत नाही. उतारावर तीच मोटार उलट काम करते, वेग आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. जिथे हातरिक्षावाल्याची छाती फुटत होती आणि जिथे त्याच्या टाचा सोलत होत्या, नेमक्या त्याच दोन ठिकाणी हे यंत्र बळकट आहे. म्हाताऱ्यांना दवाखान्यात जाणे सोपे झाले. मुले शाळेत वेळेवर आणि कोरडी पोहोचू लागली. पर्यटकांसाठी म्हणून सुरू झालेल्या या सोयीचा गावकऱ्यांनाच जास्त उपयोग होतो, हे तेव्हा उघड झाले. मार्च 2023 मध्ये मुदत संपली, रिक्षा थांबल्या आणि दप्तरे पुन्हा चिखलातून चालू लागली.

एवढे सगळे चांगले असताना विरोध कशासाठी, असे वाचकाला वाटेल. विरोध दोन ठिकाणांहून होता आणि दोन्हींमध्ये तथ्य होते.

पहिला प्रश्न रस्त्याचा. लहान चाकांची तीनचाकी उखणलेल्या दगडमातीवरून नीट चालत नाही. रस्ता सपाट हवा, म्हणजे पेव्हर ब्लॉक हवेत. पण माथेरानची तांबडी जांभ्याची माती पावसाचे पाणी पिते. ते पाणी झाडांच्या मुळांना मिळते आणि खाली झऱ्यांना उतरते. सिमेंटचा थर देऊन त्यावर ठोकळे बसवले की पाणी आत जायचे थांबते आणि कडेने वेगाने वाहत माती कापून नेते. उलट बाजूने असे सांगितले जाई की मोकळा ठेवलेला रस्ताही दर पावसाळ्यात धुपतोच आहे, झाडांची मुळे उघडी पडताहेत आणि ठोकळ्यांनी ती धूप थांबेल. दोघेही आपापल्या पायाखालची खरी गोष्ट सांगत होते. फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायालयाने पेव्हर ब्लॉकचे काम थांबवले. मला वाटते, विजेच्या गाड्यांवरच्या साऱ्या चर्चेत हा मुद्दा नेहमी निसटतो. गाडी धूर सोडत नसेल, पण ती ज्या रस्त्यावरून जाते त्याचाही जमिनीवर भार असतो. माथेरानमध्ये हा भार मोजायला लागला याचे कारण तिथे तो आधी नव्हता.

दुसरा विरोध घोडेवाल्यांचा. ज्यांचे घर घोड्याच्या पाठीवर चालते त्यांना 35 रुपयांत सुटणारा प्रवासी म्हणजे थेट पोटावर पाय. गुळगुळीत ठोकळ्यांवर घोडे घसरतात, हीही त्यांची तक्रार होती. त्यांच्या संघटना न्यायालयात उभ्या राहिल्या. त्यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. मात्र दस्तुरीवर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन, शटल नाही, रिक्षा नाही असे सांगून जादा पैसे काढण्याचे प्रकार होत होते, हेही खरे. त्याला कंटाळून मार्च 2025 मध्ये गावकऱ्यांनीच माथेरान बंद पुकारला होता. या वादात ‘स्थानिक’ असा एकच गट कधी नव्हता. हातरिक्षावाला स्थानिक, घोडेवाला स्थानिक, हॉटेलवाला स्थानिक, आणि वरच्या गावात कामाला रोज डोंगर चढून येणारी वाडीतली ठाकर बाईसुद्धा स्थानिकच.

जानेवारी 2024 च्या आदेशात न्यायालयाने एक महत्त्वाची रेघ ओढली. ई-रिक्षा द्यायच्या त्या फक्त हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच, कारण ज्यांचे काम जाणार त्यांनाच भरपाई मिळाली पाहिजे. पुढे संख्या वीसवर मर्यादित झाली. 94 परवाने आणि वीस गाड्या, म्हणजे भांडण ठरलेलेच. वाटप झाले तेव्हा खऱ्या हातरिक्षावाल्यांना डावलल्याच्या तक्रारी झाल्या आणि न्यायालयाला रायगडच्या जिल्हा न्यायाधीशांमार्फत चौकशी करायला सांगावे लागले. आजवरच्या प्रत्येक योजनेत गरिबाच्या नावाने आलेली वस्तू वाटेत कोणीतरी उचलतो. इथे ती उचलली जाऊ नये म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वीस रिक्षांच्या वाटपात लक्ष घालावे लागले, यातच आपल्या स्थानिक कारभाराची परीक्षा झाली.

अखेर 6 ऑगस्ट 2025 रोजी निकाल आला. अमरावतीचे भूषण गवई तेव्हा सरन्यायाधीश होते. त्यांच्यासह न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. त्यांनी 1980 च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्याची आठवण करून दिली. पंजाबातल्या सायकल रिक्षावाल्यांच्या त्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी केवळ निकाल न देता, बँकेचे कर्ज मिळवून रिक्षा ओढणारा स्वतः रिक्षेचा मालक कसा होईल याची व्यवस्था लावून दिली होती. त्यानंतर 45 वर्षांनी माथेरानमध्ये सायकलसुद्धा नसलेली रिक्षा माणूस ओढतो आहे, याची न्यायालयाला खंत वाटली.

ती खंत महाराष्ट्राने आपली मानायला हवी, कारण दक्षिणेतल्या एका राज्याने हे काम कितीतरी आधी केले होते. जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्कुवळै या खेड्यात जन्मलेले एम. करुणानिधी तमिळनाडूचे मुख्यमंत्री असताना, 1973 मध्ये, त्यांच्या सरकारने हातरिक्षा बंद केल्या आणि ओढणाऱ्यांना सायकल रिक्षा दिल्या. विजेचा प्रश्न तेव्हा नव्हताच. प्रश्न होता तो माणसाला जुंपण्याचा, आणि त्याचे उत्तर तेव्हाच्या तंत्राने जेवढे देता येईल तेवढे त्यांनी दिले. आपल्याकडे फुले, शाहू, आंबेडकर यांची नावे सभांमधून रोज घेतली जातात. तरी मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत ही प्रथा आणखी अर्धशतक चालू राहिली.

निकालातल्या इतर गोष्टीही बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर बसवता येतील, पण खाली काँक्रीटचा थर द्यायचा नाही. आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर ते बसवायचे नाहीत. म्हणजे एक वाट चाकांसाठी, बाकी सारे जंगल पायांसाठी. ई-रिक्षा सरकारने स्वतः विकत घ्यायच्या आणि हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्यायच्या, गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळ आदिवासी महिलांसाठी जशी योजना आहे तशी. खरे हातरिक्षाचालक कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवायचे. त्यांना देऊन उरलेल्या रिक्षा आदिवासी महिलांना आणि इतर गरजूंना द्यायच्या. एकूण किती, हे समितीने प्रत्यक्ष परिस्थिती पाहून ठरवायचे. आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

युरोपातले जे गाव या निकालाच्या सगळ्यात जवळ जाते ते स्वित्झर्लंडमधले झरमॅट. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याचे हे गाव माथेरानसारखेच अरुंद रुळांच्या रेल्वेने जगाशी जोडले गेले, आपल्याहून सोळा वर्षे आधी, 1891 मध्ये. तिथेही पर्यटकाची मोटार पाच किलोमीटर अलीकडे, टेश नावाच्या गावात थांबते. पुढे आगगाडी आणि गावात विजेच्या छोट्या टॅक्सी. या डबेवजा गाड्या गावातच बनतात. घोडागाड्याही आहेत. इंजिनाची मोटार नको आणि माणूसही जुंपायचा नाही, हा मधला रस्ता तिथे कित्येक दशके चालू आहे. माथेरानला कोणी तो दाखवला नाही असे नाही. फक्त आपल्याकडे बंदी घालणाऱ्यांनी आणि बंदी सोसणाऱ्यांनी एका टेबलाशी बसून तो आखला नाही.

निकाल आला त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारने नव्या विद्युत वाहन धोरणानुसार अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी लागू केली. ऑस्लोतल्या त्या फियाट पांडाची मागणी 36 वर्षांनी शिवडीच्या खाडीवर पोहोचली, याचा आनंदच आहे. पण धोरणाचे यश मोजताना सेतूवरून फुकट गेलेल्या मोटारींबरोबर दस्तुरी नाक्यावरचा हिशेबही मांडला जावा असे मला वाटते. तिथे रिक्षा सरकारची आणि चालक भाडेकरू असणार. भाडे किती, बॅटरी थकली की ती बदलण्याचा खर्च कोणाचा, पावसाळ्यात पर्यटक नसताना भाडे माफ होणार का, ज्याचे गुडघे आधीच गेले आहेत त्याच्या जागी त्याच्या मुलाला किंवा सुनेला गाडी मिळणार का, ही कलमे ज्या बैठकीत लिहिली जातील तिथे 94 परवानाधारकांपैकी काही जण खुर्चीवर बसलेले असायला हवेत. इतकी वर्षे न्यायालयात जाऊन ही गाडी त्यांनीच डोंगरावर आणली आहे.